व्हार्निशच्या लाकडावर रंग देताना

घरातील जुने कपाट, दाराची चौकट किंवा जिन्याचा कठडा काळवंडला की त्यावर रंग चढवावा असे वाटू लागते. लाकूड शाबूत असते. त्यावरील व्हार्निश तेवढे जुने झालेले असते. रंगाचा डबा व कुंचला आणून एखाद्या सुटीच्या दिवशी काम उरकले जाते आणि वस्तू नवी दिसू लागते. परंतु थोड्याच दिवसांत नखाने ओढताच रंग सालीसारखा सुटतो, कडांचे टवके उडतात आणि लाकडातील गाठींच्या जागी पिवळसर डाग उमटतात. रंग हलका निघाला, असा निष्कर्ष बहुधा काढला जातो. वस्तुतः दोष रंगाचा नसतो. रंग टिकणार की नाही, हे त्याच्या खालच्या थरावर अवलंबून असते. आणि तो थर कोणत्या पदार्थाचा आहे याची चौकशीच कोणी केलेली नसते. ही चौकशी आणखी एका, अधिक गंभीर कारणासाठी आवश्यक आहे. जुना थर घासताना जी धूळ उडते ती घरातील लहान मुलाला विषासमान ठरू शकते.

रंग चिकटतो तो कसा?

कोऱ्या लाकडावर रंगाचा पहिला हात दिला असता तो लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतो आणि तेथेच वाळून घट्ट होतो. जणू असंख्य बारीक मुळांनी तो लाकडाला धरून ठेवतो. व्हार्निशचे कार्य नेमके ह्याच्या उलट असते. पाणी, घाम व मळ आत शिरू नये म्हणून ते ही छिद्रे बुजविते आणि वर काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा निर्माण करते. अशा पृष्ठभागावर नव्या रंगाला रुजावयास जागाच मिळत नाही.

रंगाची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांत रंग अडकून बसतो, ही पहिली. आणि रंगाचे रेणू व खालच्या थराचे रेणू एकमेकांस आकर्षून घेतात, ही दुसरी. हे रेणूंमधील आकर्षण अत्यंत थोड्या अंतरापुरतेच प्रभावी असते. म्हणून मध्ये तेलाचा, मेणाचा किंवा हाताच्या घामाचा अगदी पातळ थर असला तरी ते निष्फळ होते. तेलकट ताटावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन राहतात. मेण लागलेल्या व्हार्निशवर रंगाची गतही तशीच होते. कपाटाची मूठ आणि दाराची हात लागणारी बाजू ह्या ठिकाणी रंग सर्वांत आधी सुटतो, त्याचे कारण हेच होय.

ह्यावरून दोन कामे निष्पन्न होतात: पृष्ठभाग स्वच्छ करणे आणि त्याला खरखरीत करणे. व्हार्निश मुळापासून खरवडून काढण्याची गरज नसते. ते लाकडाला घट्ट धरून असेल तर त्याची चकाकी मोडली म्हणजे पुरे. जेथे ते फुगले, तडकले किंवा सुटले असेल तेथे मात्र ते काढलेच पाहिजे. कारण खालचा थर सुटला की वरचा रंगही त्याच्याबरोबर सुटणार.

जुन्या थराची ओळख

व्हार्निश ह्या एकाच नावाने व्यवहारात अनेक पदार्थ ओळखले जातात. त्यांतील सर्वांत जुना व भारतीयांना जवळचा म्हणजे लाखेचे पॉलिश. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांवर वाढणारा लाखेचा किडा जो राळेसारखा पदार्थ स्रवतो, तो शुद्ध करून त्याची चपडी बनवितात आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवितात. ह्या पद्धतीला फ्रेंच पॉलिश असे नाव पडले असले तरी तिच्यातील मुख्य द्रव्य भारतातील अरण्यांतून येते. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली एक स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

दुसरा प्रकार तेलाच्या व्हार्निशचा. जवसाच्या तेलात राळ शिजवून ते तयार करीत. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जाऊन वाळत नाही; हवेतील प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यातून कठीण पापुद्रा बनतो. तिसरा प्रकार थिनरमध्ये विरघळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, आणि चौथा पॉलियुरेथेनचा. हा शेवटचा फार चिवट असतो.

हे प्रकार ओळखण्याची एक सोपी रीत आहे. वस्तूच्या न दिसणाऱ्या भागी कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर धरावा. थर चिकट झाला तर तो लाखेचा. तसे न झाल्यास शेजारच्या जागी थिनरचा बोळा लावून पाहावा; थर विरघळू लागला तर ते लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर तो तेलाच्या व्हार्निशचा किंवा पॉलियुरेथेनचा असण्याचा संभव अधिक. ही परीक्षा निरुपयोगी नव्हे. लाख क्षारात विरघळते. म्हणून लाखेच्या पॉलिशवर धुण्याच्या सोड्याचे पाणी वापरल्यास थर मऊ पडतो. तेथे साध्या सौम्य साबणाचाच उपयोग करावा. त्याचप्रमाणे जुन्या तेलाच्या व्हार्निशवर थिनरमध्ये कालविलेला रंग दिला असता खालचा थर फुगून सुरकुततो.

धुळीतील शिसे

येथपर्यंतचा विचार वस्तूच्या आयुष्याचा झाला. घरातील माणसांच्या आरोग्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून पूर्वी ते मुरदाडशिंग घालून कढवीत असत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. सफेता, शेंदूर आणि पिवळा क्रोम हे रंगही शिशाचेच. जुन्या वस्तूवर व्हार्निश व रंग यांचे थर एकावर एक चढलेले असतात, आणि त्यांतील कोणत्याही थरात शिसे असू शकते. थर अभंग असेतो त्याचा फारसा उपद्रव होत नाही. कोरड्या काचकागदाने घासताच मात्र त्याची सूक्ष्म धूळ होते, जमिनीवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश प्रौढाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश बालकाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. वाढत्या मेंदूला त्यामुळे होणारी इजा भरून येत नाही. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे वैद्यकशास्त्राला आजवर म्हणता आलेले नाही.

हे ज्ञान नवे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मुलांना शिशाची बाधा होत असल्याचे आढळले, तेव्हा जे. लॉकहार्ट गिब्सन ह्या नेत्रवैद्याने तिचा उगम शोधला. घरांच्या व्हरांड्यांचे रंगविलेले कठडे उन्हाने भुकटी धरीत, मुले त्यांवर खेळत आणि तेच हात तोंडात घालीत, असे त्याने १९०४ साली दाखवून दिले. इमारतींच्या अंतर्भागात सफेत्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला. तरीही जगाच्या पुष्कळ भागांत शिशाचे रंग पुढे अनेक दशके विकले जात राहिले. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम २०१६ साली करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. तात्पर्य, त्यापूर्वी रंगविलेली वस्तू शिसे असलेली आहे असे समजूनच हाताळणे शहाणपणाचे होय. शंका असल्यास थराचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

कामाचा क्रम

प्रथम खोलीतील सामान हलवावे आणि मुले व गरोदर स्त्रिया यांना काम संपून जागा पुसली जाईपर्यंत दूर ठेवावे. जमिनीवर प्लास्टिकचे कापड अंथरावे. वस्तूवर मेण चढविलेले असल्यास टर्पेंटाईनच्या फडक्याने ते काढावे. मग साबणाच्या पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून, पूर्ण वाळू द्यावी. ही सफाई घासण्यापूर्वीच झाली पाहिजे. नाही तर घासताना मेण व तेल खाचांत अधिकच भरले जाते.

त्यानंतर १५० ते १८० क्रमांकाच्या पाणकागदाने, म्हणजे पाण्याने न भिजणाऱ्या पॉलिश पेपरने, पृष्ठभाग ओला ठेवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक. सर्वत्र सारखा मंदपणा आला आणि चकाकणारा ठिपका राहिला नाही, की घासणे पुरे झाले. ओलाव्यामुळे धूळ उडत नाही. निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. झाडू मारू नये, कारण त्याने धूळ पुन्हा हवेत जाते. जुना थर ज्योतीने जाळून काढण्याची रीत सर्वथा टाळावी. तिच्यातून शिशाचे धूर निघतात.

भेगा व खड्डे लांबीने बुजवून ते वाळल्यावर अस्तराचा हात द्यावा. गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारे अस्तर मिळते, तेच निवडावे. लाकडातील टॅनिन व गाठींतील राळ वर येऊन डाग पडत असतील तर तेथे आधी चपडीच्या द्रावणाचा पातळ हात दिल्यास ती वाट बंद होते. अस्तर वाळल्यावर घरच्या घरी एक परीक्षा करावी: पात्याने त्यावर उभ्याआडव्या रेघांची लहान जाळी ओढावी, चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर चौकटी निघून आल्या तर पकड बसलेली नाही. पुढे न जाता पुन्हा घासावे. जाळी शाबूत राहिली तर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा ते अधिक टिकतात. हाताला कोरडा लागलेला रंग आतून कठीण होण्यास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. म्हणून नव्याने रंगविलेली खिडकी घट्ट लावून ठेवू नये.

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत रंग वाळण्यास विलंब लागतो, आणि लाकूड ओलावा शोषून आडवे फुगलेले असते. पुढे ते आकसले की सांध्यांवरील रंग तडकतो.

तेलाचे बोळे

काम संपल्यावरही एक धोका उरतो. जवसाचे तेल प्राणवायू शोषून वाळते, तेव्हा उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग करून टाकल्यास ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. ती साचत जाते आणि ठिणगीवाचूनही चिंध्या पेट घेतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा ह्या ३८ मजली इमारतीला आग लागली. लाकडी तावदानांच्या दुरुस्तीसाठी वापरलेल्या आणि २२ व्या मजल्यावर पडून राहिलेल्या तेलाच्या चिंध्यांतून ती उद्भवली होती. तीन अग्निशामकांचा त्यात मृत्यू झाला. म्हणून अशा चिंध्या मोकळ्या जागी एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात, अथवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवाव्यात.

शेवटी, प्रत्येक जुनी वस्तू रंगविलीच पाहिजे असे नाही. सागवान वा शिसवीच्या छिद्रांत एकदा शिरलेला रंग पुन्हा पूर्णपणे काढता येत नाही. उलट लाखेचे पॉलिश मळ काढून आणि नवा हात देऊन पूर्ववत करता येते. रंग देण्याचा निर्णय झालाच, तर अधिक वेळ पूर्वतयारीला द्यावा आणि थोडा रंगाला. खालचा थर ओळखून, तो स्वच्छ व खरखरीत करून आणि धूळ घरात पसरू न देता जो रंग दिला जातो, तो कपाटावरही टिकतो आणि त्या कपाटाशेजारी खेळणाऱ्या मुलालाही अपाय करीत नाही.