दहा किलो हलकी बॅटरी

मोटारीची बॅटरी तुम्ही कधी उचलून पाहिली आहे काय? आकार बुटांच्या दोन खोक्यांएवढा, पण उचलू गेले की कंबर बोलू लागते. मध्यम मोटारीच्या बॅटरीचे वजन पंधरा-सोळा किलो सहज भरते. ते भरणारच, कारण आत शिशाच्या जाळीदार पट्ट्या असतात आणि शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पट जड आहे. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचा संचायक घट तयार केला. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही पेट्रोल-डिझेलवरील बहुतेक मोटारींचे इंजिन त्याच्याच वंशजाच्या जोरावर सुरू होते.

मग २००९ च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या पोर्शे कंपनीने जाहीर केले, की आपल्या तीन वेगवान मोटारींसाठी (९११ जीटी-३, जीटी-३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर) ती लिथियमची बॅटरी देणार आहे. वजन सहा किलोंहून कमी, म्हणजे नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून अधिक बचत. जर्मनीतील किंमत १,९०४ युरो!

एवढे पैसे मोजून मिळते काय? न्यूटनचा दुसरा नियम लावून पाहा. बल तेवढेच असेल, तर त्वरण वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मोटार सुमारे १,४०० किलोंची. त्यातून १० किलो गेले, म्हणजे १४० वा भाग गेला. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला अशा मोटारीला सुमारे चार सेकंद लागतात. त्याचा १४० वा भाग म्हणजे जेमतेम ०.०३ सेकंद. रस्त्यावर हा फरक कोणाला जाणवणार नाही. शर्यतीत मात्र प्रत्येक वळणावर वेग कमी करायचा आणि पुन्हा वाढवायचा असतो, त्यामुळे असे कण साठत जातात. हौसेला मोल नाही, हेही खरेच.

आता खरा प्रश्न. ही बॅटरी इतकी हलकी कशी? वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते: "सर, लिथियम हलके असते म्हणून." लिथियमचा अणुभार ७ आणि शिशाचा २०७, हे बरोबर आहे. पण या बॅटरीच्या धनाग्रात नुसते लिथियम नसते, तर लिथियम-लोह-फॉस्फेट हे संयुग असते. त्याचा रेणुभार १५८, आणि त्यात लिथियमचा वाटा अवघा ७. म्हणजे शंभर ग्रॅम संयुगात लिथियम साडेचार ग्रॅमसुद्धा नाही! बाकी सारे लोह, फॉस्फरस आणि ऑक्सिजन.

आता बॅटरीवरचे आकडे पाहू. जुनी बॅटरी ६० अँपिअर-तासांची होती, नवी १८ अँपिअर-तासांची. विद्युत्‌दाबाने गुणले की साठवलेली ऊर्जा मिळते. जुनीत सुमारे ७२० वॅट-तास, १६ किलोंत. म्हणजे किलोमागे ४५. नवीत १८ गुणिले १३.२, म्हणजे सुमारे २३८ वॅट-तास, सहा किलोंत, किलोमागे ४०. पुन्हा गुणून पाहा, आकडेमोड चुकलेली नाही. पेटी आणि आतील इलेक्ट्रॉनिक मंडल धरता नवी बॅटरी किलोमागे अधिक ऊर्जा साठवत नाही. ती हलकी आहे, कारण ती लहान आहे.

तर मग शिशाचीच लहान बॅटरी का बसवू नये? इथे गंमत आहे. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला समजा २०० अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद लागतो. म्हणजे ४०० कूलोम विद्युत्‌भार. ६० अँपिअर-तास म्हणजे २,१६,००० कूलोम. एका वेळी आपण ५४० वा भाग वापरतो! माठ भरलेला आहे, आपल्याला हवे आहे घोटभर पाणी, पण ते एका दमात हवे आहे. तेव्हा प्रश्न माठ केवढा हा नसून तोटी केवढी हा आहे.

ही तोटी म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध. तो ०.००६ ओहम असेल, तर २०० अँपिअरला १.२ व्होल्ट आतच खर्ची पडतात आणि १२.६ पैकी ११.४ उरतात. रोध तिप्पट झाला, की उरतात नऊ, आणि इंजिन कण्हू लागते. शिशाच्या बॅटरीत रोध कमी करायचा, तर पट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. म्हणजे शिसे वाढले, वजन वाढले. लिथियमच्या घटात पातळ धातुपत्र्यावर रसायनाचा केसाएवढा पातळ थर देऊन त्याची गुंडाळी करतात. रसायनाचे कण अतिसूक्ष्म, वर कार्बनचा लेप. क्षेत्रफळ मोठे आणि आयनांना कापायचे अंतर थोडे, म्हणून लहान माठालाही मोठी तोटी बसते. असे चार घट ओळीने जोडले, की ३.३ व्होल्टप्रमाणे १३.२ व्होल्ट होतात आणि ते मोटारीच्या मंडलाला चपखल बसतात.

शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी करताही येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका मे महिन्याच्या सुटीत सहा संचायक घट उतरलेल्या स्थितीतच फळीवर राहिले. चूक माझीच. जूनमध्ये पाहतो तो पट्ट्यांवर शिसे-सल्फेटाचा पांढरा थर! दिवसभर चार्जिंग करूनही त्यांतील चार पुन्हा उभे राहिले नाहीत. पोर्शेचे म्हणणे असे, की मोटारीत शिशाच्या बॅटरीची जेमतेम ३० टक्के क्षमता कामी येते, म्हणून १८ अँपिअर-तास पुरेत.

इंजिन सुरू करण्यापुरते हे मला मान्य आहे. उभ्या मोटारीबाबत नाही. घड्याळ, चोरघंटा वगैरे मिळून २५ मिलिअँपिअर झिरपत असतील, तर दिवसाला ०.६ अँपिअर-तास जातात. शिशाच्या बॅटरीची निम्मी क्षमता वापरू दिली, तर ३० अँपिअर-तास ५० दिवस पुरतात. लिथियमची ८० टक्के वापरली, तरी १४.४ अँपिअर-तास २४ दिवसांत संपतात. शर्यतीची मोटार रविवारीच बाहेर पडते आणि बाकी दिवस उभी असते. म्हणजे हलकी बॅटरी ज्याला सर्वांत हवी, त्याचीच ती आधी उतरते!

विकत घेणारा इथेच फसतो. काही उत्पादक पेटीवर 'शिशाच्या तुलनेतील' अँपिअर-तास छापतात. तो आकडा खऱ्याच्या तिप्पट असू शकतो. त्यात तोटी मोजलेली असते, माठ नव्हे. खरे अँपिअर-तास कुठेतरी बारीक अक्षरांत असतात. नसले तर वॅट-तासांना १३.२ ने भागावे. मोटारीतील जनित्राचा दाबही तपासावा. शिशाच्या बॅटरीला थोडा अधिक दाब मिळाला, तर पाण्याचे अपघटन होऊन वायू निघतो, आणि जुन्या पद्धतीच्या बॅटरीत तेवढे पाणी पुन्हा घालता येते. लिथियमच्या घटाला ही सवलत नाही. प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे चौघांना मिळून १४.६, ही मर्यादा. ती राखण्यासाठी आणि चारही घट सारखे भरण्यासाठी आत इलेक्ट्रॉनिक मंडल हवेच. ते नसलेली स्वस्त बॅटरी मी तरी घेणार नाही.

राहता राहिली थंडी. तापमान शून्याखाली गेले, की लिथियमच्या घटातील आयनांची हालचाल मंदावते आणि तोटी आक्रसते. त्या स्थितीत जोरात चार्जिंग केले, तर ग्राफाइटच्या ऋणाग्रात शिरण्याऐवजी लिथियमचा धातुरूप थर वरच बसतो आणि घट कायमचा बिघडतो. जर्मनीतला हिवाळा पोर्शेच्या अभियंत्यांना ठाऊक होता. १,९०४ युरो मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी हलक्या बॅटरीबरोबर शिशाची नेहमीची बॅटरीही दिली. दोन्हींची लांबी-रुंदी आणि बसवण्याच्या खुणा सारख्याच. हिवाळा आला, की हलकी काढायची आणि जड बसवायची.