मुंबईच्या सागाची फ्रिगेट

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हार्टलपूल गावाच्या जुन्या गोदीत ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ उभी आहे. आजही पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची ही सर्वांत जुनी युद्धनौका. नाळेवर पगडी घातलेल्या पुरुषाचा पुतळा, काळ्या अंगावर पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यात ओळीनं तोफांच्या खिडक्या. १८१७ साली मुंबईत ती पाण्यात उतरली, पण तिचा आराखडा अठराव्या शतकातला आणि मुळात फ्रेंच.

१७८२ मध्ये ब्रिटिश नौदलानं ‘एबे’ ही फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिचा रचनाकार झाक-नोएल साने. शत्रूचं उत्तम जहाज हाती लागलं की त्याची वळणं मोजून कागदावर उतरवायची आणि त्याबरहुकूम आपलं बांधायचं, हे तेव्हा नेहमीचंच होतं. त्या मापांवरून १८०० साली ‘लीडा’ झाली आणि पुढच्या तीस वर्षांत त्याच घाटाच्या चाळीसहून अधिक फ्रिगेटी बांधल्या गेल्या. १८१३ मध्ये बोस्टनसमोर अमेरिकेची ‘चेसपीक’ पाव तासात जिंकणारी ‘शॅनन’ यातलीच.

या घाटात नेमकं काय होतं, ते जहाजावर चढल्यावर कळतं. तोफांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा, सुमारे दीडशे फूट. रुंदी जेमतेम चाळीस. दोन्ही बाजूंना मिळून २८ तोफा. प्रत्येकीचा गोळा अठरा पौंडांचा, स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. (आज मांडलेल्या तोफा प्रतिकृती आहेत.) आता याच्याखालच्या मजल्यावर उतरा. तिथं एकही तोफ नाही. मान वाकवूनच चालावं लागतं आणि बाहेरचं पाणी जवळपास तुमच्याच पातळीला असतं. खालचा मजला माणसांना दिल्यामुळे तोफा समुद्रापासून बऱ्याच उंचीवर राहिल्या. समुद्र खवळला की दोन मजली युद्धनौकांना खालच्या खिडक्या बंद कराव्या लागत, निम्मं बळ तिथंच जाई. फ्रिगेट मात्र तशाही समुद्रात पूर्ण ताकदीनं लढू शके. मला या जहाजातली सर्वांत हुशारीची गोष्ट ही रिकामी खोली वाटते.

त्या खोलीची किंमत खलाशी मोजत होते. झोळी टांगायला माणशी १४ इंच जागा. निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात शेजारची जागा मिळे, इतकंच. अडीचशेच्या आसपास माणसं इथंच जेवत, इथंच झोपत, ओले कपडे इथंच अंगावर वाळवत.

त्याखाली जहाजाचा तळ. हात लावून पाहावं ते इथं. फासळ्या इतक्या दाट बसवल्या आहेत की मधे मूठ घालायलाही फारशी जागा सापडत नाही. लाकूड मलबारचा साग. युरोपातल्या जहाजबांधणीचं लाकूड ओक. त्यातल्या आम्लानं लोखंडी खिळे खाल्ले जातात आणि खिळ्यांच्या गंजानं लाकूड कुजतं. सागाचं तेल उलट लोखंडाला जपतं. याचा पुरावाही आहे, आणि तो याच आराखड्याचा. नेपोलियनच्या युद्धात घाईची वेळ आली तेव्हा लीडाच्याच मापांनी आठ फ्रिगेटी इंग्लंडमध्ये पाइन लाकडात बांधल्या. १८१३ मध्ये त्या पाण्यात उतरल्या आणि दहा वर्षांच्या आत मोडीतही निघाल्या. कागद तोच होता.

मुंबईला तो कागद सरळ पोचला नाही. नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं निकामी केली. दुसरी प्रत यावी लागली. काम जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्याकडे होतं. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून गोदीची मुख्य सुतारकी या घराण्याकडेच. कण्यात चांदीचा खिळा ठोकून पारशी रीतीनं कामाला आरंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात सोडलं गेलं. महिना उलटायच्या आत, ५ नोव्हेंबरला, घाटापलीकडे खडकीची लढाई झाली. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं, तिच्याच फौजेशी पेशव्यांची गाठ होती. मुंबईच्या कारागिरीचं कौतुक करताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

१८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोचली तेव्हा नेपोलियनचं युद्ध संपलेलं होतं. डोलकाठ्या काढल्या, वर छप्पर घातलं आणि पाव शतक तिला तसंच बांधून ठेवलं. १८४७ मध्ये ती बाहेर पडली ती ४६ ऐवजी २६ तोफा घेऊन, वरामणीचा, म्हणजे मागच्या टोकाचा, आकारही बदलून. आधी वेस्ट इंडीज आणि उत्तर अमेरिका, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक. क्रिमियाच्या युद्धातही तिच्या वाट्याला लढाई आली नाही. आलं ते १८५६ मधलं काउइचनचं प्रकरण: व्हँकूव्हर बेटावर एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याबद्दल तिथल्या एका मूळ रहिवाशाला पकडायला गव्हर्नर डग्लस चारशेंहून अधिक माणसं घेऊन गेला, ती या जहाजातून. त्याला तिथंच फाशी दिली. तिच्या नोकरीतली ही सर्वांत कठोर नोंद मला वाटते.

पुढं दर्यावर्दी शिक्षण देणारं जहाज म्हणून ती राहिली. १८९७ मध्ये मोडीत विकलेली असताना व्हीटली कॉब यांनी ती विकत घेतली आणि वादळात गमावलेल्या आपल्या जहाजाचं ‘फुद्रुआयाँ’ हे नाव तिला दिलं. या नावानं पोरं घडवत ती १९८६ पर्यंत टिकली. १९८७ मध्ये बार्जवर चढवून हार्टलपूलला आणली, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं, २००१ मध्ये डागडुजी पुरी झाली.

हार्टलपूलला जाणाऱ्यानं जमलं तर स्कॉटलंडात डंडीलाही जावं. तिथं ‘युनिकॉर्न’ आहे, याच घाटाची, १८२४ मध्ये चॅटमला बांधलेली, डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत अशी. तिच्यावरचं छप्पर अजून आहे. पोर्ट्समथला आपली फ्रिगेट पंचवीस वर्षं कशी दिसत असेल, ते तिथं पाहायला मिळतं.