काडीपहिलवानाचे गणित

तुमच्या वर्गात एखादा किडकिडीत मुलगा असेलच. सारे त्याला ‘काडीपहिलवान’ म्हणतात आणि तोही हसून सोडून देतो. पण अंगाने बारीक असणे वेगळे आणि वजन कमी पडणे वेगळे. हा फरक कसा ओळखावा?

प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे बेल्जियमचे गणिती केतले यांना १८३२ च्या सुमारास आढळले. (घनाच्या प्रमाणात का नाही? उंच माणूस म्हणजे बुटक्याची सर्व बाजूंनी फुगवलेली प्रतिकृती नव्हे!) म्हणून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. प्रौढांत हा भागाकार १८.५ हून कमी आला, तर वजन कमी समजतात. उंची १.७० मीटर आणि वजन ५० किलो असेल, तर ५० ÷ २.८९ = १७.३. तुम्हाला मात्र हा आकडा लावू नका. वाढत्या मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

वजन घटले की आत काय घडते? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे सावरावे, हे त्यांना शोधायचे होते. तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ५५ वरून ३५ वर आले. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. अन्नाखेरीज कशातच मन रमेना.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शरीरालाही चुकत नाही. आवक घटली की ते चरबीचा साठा मोडते, स्नायूही झिजवते आणि उरलेल्या खर्चाला कात्री लावते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडे भरतात ती मुख्यतः विशीपर्यंत; तेव्हा पडलेली तूट पुढे भरून काढणे अवघड.

ज्याचे आईवडीलही सडपातळ, भूक चांगली आणि वजन स्थिर, त्याने सहसा चिंता करू नये. असलेले वजन विनाकारण उतरू लागले, तर गोष्ट निराळी. माझ्या एका विद्यार्थ्याचे चार महिन्यांत सहा किलो उतरले, तेव्हा घरच्यांनी टॉनिकची बाटली आणली. ती संपली तरी खोकला थांबेना. शेवटी तपासणी झाली आणि क्षय निघाला. सहा महिने नेमाने औषध घेतल्यावर तो बरा झाला. आता प्रयोगशाळेतला जड ट्रान्सफॉर्मर तो एकटा उचलतो.