बाबांच्या कपाटातली जुनी झूम लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालते का?

घर आवरताना रोलवाल्या कॅमेऱ्याची जाडजूड झूम लेन्स सापडली आणि 'मोबाईलला लावून पेंचचे वाघ टिपू' असं मनात आलं असेल, तर थांबा. मोबाईलला ती लागत नाही. मोबाईलच्या सेन्सरसमोर त्याची स्वतःची लेन्स आधीच बसवलेली असते. जुन्या लेन्सला मागे उघडी फिल्म किंवा उघडा सेन्सर हवा. खोलीत अंधार करून लेन्सचं तोंड खिडकीकडे धरा, अॅपर्चरची रिंग सर्वात लहान आकड्यावर ठेवा आणि मागे साधारण 4 सेंटिमीटरवर बटर पेपर धरा. बाहेरचं झाड उलटं दिसेल. हेच तिचं काम.

मग लावायची कुठे? मिररलेस कॅमेऱ्याला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंट ते फिल्म हे अंतर 46.5 मिलिमीटर असतं, सोनीच्या ई माउंटमध्ये फक्त 18. मधले 28.5 मिलिमीटर भरून काढायला एक पोकळ कडं म्हणजे अॅडॉप्टर पुरतो, त्यात काचही नसते. डीएसएलआरवर मात्र गंमत होते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सला 42 मिलिमीटर लागतात आणि कॅननच्याच ईएफ डीएसएलआरमध्ये अंतर आहे 44. म्हणजे त्याच कंपनीचा कॅमेरा, पण साध्या कड्याने दूरचं काहीच फोकस होत नाही!

कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय सुरू करा, नाहीतर बटण दाबूनही फोटो निघत नाही. मोबाईलवर टॅप केलं की फोकस होतो, इथे रिंग हाताने फिरवायची. जुन्या पुश-पुल लेन्समध्ये एकच रिंग असते: फिरवली की फोकस, पुढे-मागे सरकवली की झूम. आधी पूर्ण झूम करून फोकस करा, मग हवं तेवढं मागे या. 210 वर चूक लगेच दिसते, 70 वर लपते. बहुतेक जुन्या झूम लेन्समध्ये झूम बदलला तरी फोकस हलत नाही. हलत असेल तर लेन्सला दोष देण्याआधी अॅडॉप्टर बघा. स्वस्तातला थोडा पातळ असला तरी असं होतं.

एपीएस-सी सेन्सरवर 210 ची लेन्स जवळपास 315 सारखी दिसते, त्यामुळे हात हलू नये म्हणून शटर 1/320 च्या खाली नेऊ नका. अंबाझरीच्या काठावर स्थिर उभा असलेला बगळा सहज मिळतो. उडणाऱ्यासाठी सराव लागतो.

सेकंडहँड घेताना विवितार सिरीज 1 70-210 हे नाव ऐकू येईल. विवितार अमेरिकन कंपनी, लेन्स मात्र जपानी कारखान्यांकडून करून घ्यायची. सिरियल नंबर 22 ने सुरू होत असेल तर किनो, 37 म्हणजे टोकिना, 28 म्हणजे कोमिने.

पण नावापेक्षा काच महत्त्वाची. मागून मोबाईलचा टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. चार ठिपके असतील तर चालवून घ्या, पण पूर्ण जाळं असेल तर घेऊ नका. झूममध्ये काचा खूप असतात, त्यामुळे उघडून साफ करणं महागात पडतं.

आपल्याला वाटतं नागपूर कोरडं, मग बुरशी फक्त पावसाळ्यात. पण मे महिन्यात आपण खोलीत कूलर लावतो आणि ओल्या खसमधून येणारी हवा दमट असते. तीच हवा कपाटातल्या लेन्सपर्यंत पोचते. कूलरच्या खोलीत लेन्स नकोच, आणि उन्हात उभ्या गाडीतही नको. ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, एवढं पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.