गिअर नवा बसवला आणि बोट थरथरायला लागली? आधी हे बघा



१ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यातच आपण इंजिन-गिअरची कामं उरकतो. मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून बरेच जण गिअर घरच्या घरी बदलतात. बदलू नका असं मी म्हणत नाही. पण आपल्या एका सभासदाचं झालं ते सांगतो. भाच्याला घेऊन त्याने बोट वर ओढलेली असतानाच गिअर बसवला, नट-बोल्ट आवळले. १ ऑगस्टला बाहेर पडल्यावर स्पीड वाढवला की बोट थरथरायची. तांडेल म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." चौथ्या दिवशी ग्लँडमधून पाणी यायला लागलं, गिअरचं सील जाऊन तेल बाहेर. पंप चालू ठेवून दुसऱ्या बोटीने ओढत आणली. माणसं वाचली, सीझनची सुरुवात गेली.

थरथर हळूहळू बसत नाही, ती वाढते.

पहिली तपासणी फुकटची आहे. जेटीला बोट पक्की बांधून इंजिन न्यूट्रलमध्ये रेस करा. न्यूट्रलमध्येच थरथर असेल तर दोष इंजिनाकडे: फौंडेशनचे बोल्ट ढिले, रबर माउंटिंग बसलेलं, नाहीतर इंजिन-गिअरमधली डॅम्पर प्लेट खराब किंवा चुकीची बसलेली. स्लोवर खडखड आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर प्लेटवर संशय घ्या. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअर टाकल्यावर थरथर, तर दोष मागे आहे: कपलिंग, शाफ्ट किंवा पंखा.

गिअर बदलल्यावर बहुतेक वेळा अलाइनमेंटच चुकलेलं असतं. नवा गिअर जुन्यापेक्षा थोडा उंच-सखल असला तरी बोल्ट आवळून कपलिंग जबरदस्तीने जुळतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत शाफ्ट वाकून फिरतो.

तपासायचं असं. इंजिन बंद, किल्ली खिशात. (लुंगी नेसून शाफ्टजवळ बसू नका, हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.) कपलिंगचे बोल्ट काढा. सुटलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने झुकतो, त्याला खालून लाकडाचा आधार देऊन मधोमध आणा. दोन्ही तोंडं हाताने जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फिलर गेजने फट मोजा. ५ इंची कपलिंगला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत ५ थाऊपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे वर्तमानपत्राच्या एक-दोन कागदांएवढा. वर फट जास्त असेल तर इंजिनाचं पुढचं टोक उचलावं लागतं किंवा मागचं खाली घ्यावं लागतं. पत्र्याचे शिम घालून थोडं थोडं करा, प्रत्येक वेळी परत मोजा.

आता शाफ्टचं कपलिंग पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट त्याच जागी राहिली तर इंजिनाची जागा चुकली आहे. फट कपलिंगबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंग सरळ बसलेलं नाही. मग शिम घालून काही उपयोग नाही, शाफ्ट लेथवर न्यावा लागेल.

आणि हे सगळं बोट पाण्यात असताना. लाकडी बोट जमिनीवर एका आकारात असते, पाण्यात उतरली की थोडी वाकते. वर ओढलेल्या बोटीत केलेलं अलाइनमेंट कच्चं समजा. उतरवून एक-दोन दिवस जाऊ द्या, डिझेल टाकी आणि बर्फाचं वजन नेहमीसारखं ठेवा, मगच शेवटचं माप घ्या. वरच्या सभासदाची चूक हीच होती. वर फट २० थाऊ जास्त निघाली.

सेकंडहँड गिअर घेणाऱ्यांनी रेशो बघावा. इंजिन १८०० आरपीएमवर असताना २:१ गिअरला पंखा ९०० फेरे घेतो, ३:१ ला ६००. जुना पंखा तसाच ठेवला तर इंजिनावर लोड येतो किंवा बोटीला ओढच राहत नाही. अलाइनमेंट बरोबर असूनही थरथर राहिली तर पंख्याची पाती वाकलीत का, जाळं-दोर गुंतलाय का, मागचं बेअरिंग झिजलंय का, हे पाहावं.

फिलर गेजचा सेट ऑफिसात आहे. वहीत सही करून न्या. मागच्या वेळी दोन पाती कमी आली होती, ज्यांच्याकडे राहिलीत त्यांनी गुपचूप आणून ठेवली तरी चालेल.