मालाच्या प्रवासाचे शिक्षण

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने ‘लॉजिस्टिक्स’ शिकायचे म्हटले, की ट्रक हाकायला पदवी कशाला, असे आपल्याला वाटते. पण हा विषय ट्रकचा नाही. शेतातून निघालेला माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत किती वेळ आणि पैसा जातो, त्याचा आहे.

निर्यातीच्या द्राक्षाचेच पहा. ऊन चढण्यापूर्वी तोडणी उरकावी लागते. त्यानंतर चार-सहा तासांच्या आत माल पूर्वशीतकरणाला लावून मण्यांचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणतात. पुढे शीतगृहात ० ते १ अंश तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता. मध्येच पेट्या उन्हात राहिल्या तर देठ सुकतात, मणी गळतात. मागाहून दिलेली थंडी ते भरून काढत नाही. म्हणून मजूर किती लावायचे, गाडी किती वाजता बोलवायची, कंटेनर कधी भरायचा, याचा मेळ आधीच घालावा लागतो. साठा, वाहतूक आणि मागणीचा अंदाज या विषयांतून विद्यापीठात हेच शिकवतात. त्यात संख्याशास्त्र बरेच असते. गणिताचा कंटाळा असणाऱ्याने आधीच विचार करावा.

कृषी पदवीनंतर कृषि व्यवसाय व्यवस्थापनाकडे वळूनही हा विषय शिकता येतो. पीक जाणणाऱ्या मुलांना आमच्या मते हाच मार्ग बरा. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी पॅकहाऊस किंवा शीतगृहात प्रत्यक्ष काम किती आठवडे करायला मिळते, हे विचारून घ्यावे.