मार्कंडेयाचं सोळावं आणि आपली चाळिशी

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, त्या काठावर मार्कंडादेवाची दगडी मंदिरं आहेत. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय महादेवाच्या कृपेने कायमचा सोळा वर्षांचा राहिला, ही कथा या जागेशी जोडलेली. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि पंचक्रोशीतली माणसं उपवास धरून येतात. उपवासाने पुण्य मिळतंच, शिवाय पोटही उतरतं, असा हिशेब चाळिशी ओलांडलेले बरेच जण मनात करतात. पुण्याचं पुण्यापाशी, पण पोटाचा हिशेब चुकतो. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं त्यात नावापुरती. शिवाय उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. मध्यमवयात वजन उतरवायचं तर ते सावकाश आणि ताकदीचा व्यायाम चालू ठेवूनच उतरवावं, असं म्हणण्याचं खरं कारण हे आहे.

ही गोष्ट आपल्या भारतीयांना जरा जास्तच लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. अंगाने सडपातळ, पण आतून चरबीदार आणि स्नायूंनी कमी, हा भारतीय देहाचा नमुना याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दाखवून दिला. म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर बीएमआय 23 झाला की सावध करतात, आणि कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर किंवा बाईची 80 सेंटिमीटर ओलांडली की काळजी करायला सांगतात. मुळात स्नायूंचं भांडवल तोकडं असलेल्या माणसाने घाईघाईने पाच-सात किलो उतरवले, तर काटा खूश होईल. पण राहिलेल्या शरीरातही चरबीचा वाटा मोठाच असेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंदावते, तिथे व्यायाम काय करणार? 2021 साली ‘सायन्स’मध्ये सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. बदलतं ते दुसरंच: खुर्ची वाढते, स्नायू ओसरतात, ताट मात्र तेवढंच राहतं. स्नायू वाचवता येतात याचा पुरावाही चांगला आहे. 2017 साली अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या स्थूल स्त्री-पुरुषांचं वजन सहा महिन्यांत आहार आणि व्यायामाने सुमारे नऊ टक्के उतरवलं गेलं. काहींना फक्त चालण्यासारखा व्यायाम दिला होता, काहींना वजनं उचलण्याचा, तर काहींना दोन्ही. किलो साऱ्यांचे सारखेच गेले. पण नुसतं चालणाऱ्यांचं चरबीविरहित वजन पाच टक्क्यांनी घटलं, वजनं उचलणाऱ्यांचं दोन टक्क्यांनी. खुब्याच्या हाडांची झीजही चालणाऱ्यांमध्येच जास्त झाली. रोज सकाळी तासभर फिरणाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल. चालणं हृदयासाठी उत्तमच आहे, ते सोडू नये. पण तेवढ्याने स्नायू राखले जात नाहीत.

सावकाश म्हणजे किती? एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या खाण्यातून 300 ते 400 कॅलरी कमी केल्या, तर आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चरबी जाते. हा वेग कोणालाच आवडत नाही, आणि सुरुवातीला काटा हललेलाही दिसत नाही. म्हणून काट्यापेक्षा कंबरेची फीत आणि उचललेलं वजन यांची नोंद ठेवावी. व्यायामाला महागडं जिम लागतंच असं नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, दंड, जमिनीवरून ओझं उचलणं आणि काहीतरी ओढणं एवढं पुरतं. विदर्भाला हे परकं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून तालीम देतंच आहे. अट एकच: भार हळूहळू वाढला पाहिजे. वर्षभर त्याच वीस बैठका मारत राहिलं, तर शरीराला बदलायचं कारण उरत नाही.

इथे झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातला वाचक विचारेल, की पावसाळ्यात वाकून धानाची रोवणी आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी करणाऱ्याला बैठका कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या माणसाला चरबी उतरवायची नसतेच. त्याचं दुखणं बहुधा उलटं असतं, ताटात पुरेसं नसतं, आणि वजन उतरवण्याचा सल्ला त्याला देणं ही थट्टा होईल. पण त्याच घरातून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात, कोळसा खाणीच्या कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत नोकरीला लागलेल्या माणसाचं काय? त्याचं काम बदललं, भाताचा ढीग बदलला नाही. भात सोडायची गरज नाही. तो कमी करून त्या जागी वरण घट्ट करावं, अंडी, मासे, दही, हरभरा यांना जागा द्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, पण खाणं कमी करून वजनं उचलणाऱ्याला 1.2 ग्रॅमच्या पुढे लागतात. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे रोज 85 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर वरणातही जेमतेम तेवढीच मिळतात, हे पाहिलं की आपलं ताट किती कमी पडतं ते कळतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

‘आता या वयात काय’ हा शेवटचा आक्षेप फारसा टिकत नाही. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं; त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. पंचेचाळीसचा माणूस त्यांच्यापुढे पोरच. तरी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक, तेव्हा एप्रिल-मेमध्ये व्यायाम उजाडण्याआधी उरकावा आणि पाण्यात कसूर करू नये. दुसरी सिकलसेलची. हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या अनेक समाजांत आहे आणि दमछाक, पाण्याची कमतरता, उन्हाचा ताण यांनी तो उसळतो. आजार असलेल्याने जोराचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. ज्याची तपासणी झालेली नाही त्याने आधी ती करून घ्यावी. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ओझं उचलताना श्वास रोखून धरू नये, आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी व्यायाम वाढला की मात्रा तपासून घ्यावी, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.